सव्वासहाला पोचा, आणि पुढच्या दाराने जाऊ नका

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला राहायला आल्यापासून भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी स्टॉकयार्ड्स, म्हणजे गुरांचा जुना बाजार, दाखवून आणलंय. रोज साडेअकराला आणि चारला तिथे लांब शिंगांच्या गुरांचा कळप विटांच्या रस्त्यावरून हाकत नेतात. पाच-सात मिनिटांत कार्यक्रम आटोपतो. गुरं निवांत, घोड्यावरची माणसं निवांत, घाई फक्त फोन वर धरून उभ्या राहिलेल्यांना. आमच्या सासूबाई बघून म्हणाल्या, "एवढंच होय? आमच्या दारावरनं रोज जातात की गं." त्यामुळे इस्पितळात माझ्याच वॉर्डात असलेल्या मैत्रिणीने "काउबॉयची जुनी गाणी आणि ब्लूज वाजवणारा इथलाच एक बँड आहे, येतेस का?" असं विचारलं (ब्लूज म्हणजे इथल्या काळ्या लोकांची जुनी, सुखदुःखाची गाणी), तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच आलं, मोठ्या टोप्या आणि फोटो. गेले ती जेवण तिच्याकडून होतं म्हणून. त्याला आठ महिने झाले. आतापर्यंत सात वेळा जाऊन आले आहे, आणि नंतरच्या सहा वेळा जेवण माझ्याच पैशाने.

जागा शहराच्या दक्षिणेला, गाडीने पाऊण तासावर. पूर्वी तिथे पेंड आणि चारा विकायचं दुकान होतं, आता बार्बेक्यू मिळतं. वर पत्रा, खाली सिमेंटची फरशी, कोपऱ्यात फळ्यांचा बुटका मंच. दर गुरुवारी सात ते दहा, मध्ये अर्धा तास सुट्टी. तिकीट दहा डॉलर, लहान मुलांना काही नाही. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे आणि माणसं मनाने चांगली आहेत.

मी मिरजेची. वडील एका तंतुवाद्यांच्या दुकानात जवारी लावायचे. तंबोरा मांडीवर आडवा, हातात बारीक कानस. तारांखालची घोडी जरा घासायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, परत घासायचं. आम्ही भावंडं तिथेच अभ्यास करायचो. गाणं मी शिकले नाही, नर्सिंग शिकले, आणि गेली अकरा वर्षं इथे रात्रपाळी करते. म्हणजे संगीतातलं मला कळतं असा दावा नाही. तार नीट बोलते की नुसती वाजते एवढं मात्र कळतं, आणि या बँडबद्दल जे काही लिहितेय ते तेवढ्याच भांडवलावर.

बँडमध्ये चौघं. मी त्यांना मनातल्या मनात नावं दिली आहेत (ठेवली नाहीत, दिली). पुढे गाणारे आजोबा सत्तरीचे, आयुष्यभर घोड्यांना नाल ठोकले, म्हणून ते नालबंद. शाळेत बँड शिकवणारा चाळिशीतला कृष्णवर्णीय गृहस्थ, त्याच्याकडे पत्र्याची गिटार, तो मास्तर. उभा बेस (माणसाएवढं, खर्जातलं तंतुवाद्य) वाजवणाऱ्या त्या बाई, डोळे मिटून उभ्या असतात. आणि माउथ ऑर्गन व कपडे घासायची पत्र्याची फळी वाजवणारा विशीतला पोरगा. हो, धोब्याचीच फळी. बोटांत अंगुस्तानं घालून ती खरवडतात. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. अजूनही ती फळी मला थोडी जास्तच ऐकू येते.

नालबंदआजोबा गाण्यांच्या मध्ये फार बोलतात. एक विनोद तर मी सातही वेळा ऐकलाय. पण पहिल्याच दिवशी त्यांनी जे सांगितलं, त्यावर माझे कान टवकारले. १८६७ नंतरची पंधरा-वीस वर्षं टेक्सासची गुरं चिझम ट्रेलने पायी कॅन्ससला रेल्वेपर्यंत नेत असत, वाटेत फोर्ट वर्थ. रात्री कळप बसला की दोघं-दोघं स्वार पाळीपाळीने त्याच्याभोवती फिरायचे, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने. वीज कडाडली, काटकी मोडली, तरी हजारभर जनावर एकदम उठून धावत सुटायचं आणि अंधारात माणूस पायाखाली यायचा. म्हणून स्वार गात राहायचे. गाणं हौसेचं नव्हतं. 'मीच आहे, दचकू नका' एवढं जनावरांना कळावं म्हणून होतं. त्यातून स्वार कुठवर आलाय हे जोडीदारालाही कळायचं.

म्हणजे रात्रपाळीच! आमच्या मजल्यावरही पहाटे तीनला एखादे आजोबा गोंधळून उठतात, नळ्या उपटायला बघतात. तिथे औषधाच्या आधी आवाज लागतो. खालचा, एका पट्टीतला, न थांबणारा. मी अशा वेळी काहीबाही पुटपुटत असते, मराठीतच. त्यांना अर्थ कळत नाही आणि त्याची गरजही नसते.

तर आजोबा ही रात्रीची गाणी बरोबर त्या लयीत गातात. घोड्याची सावकाश चाल. गिटारवर फक्त अंगठा, मधून दोन बोटं. आवाज त्यांचा म्हाताऱ्या माणसाचा आहे, वरचे स्वर फाटतात, आणि ते लपवायला जात नाहीत. 'होम ऑन द रेंज' हे गाणं आपल्याकडे इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनी उड्या मारत म्हटलेलं असतं. ते दादऱ्याच्या अंगाने, तीन-तीन मात्रांचं आहे, आणि हळू म्हटलं तर डोळ्यांत पाणी येतं हे मला इथे समजलं. त्याचे शब्द कॅन्ससमधल्या एका डॉक्टरने १८७०च्या दशकात लिहिले. डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागलं आणि कशी चाल बसली देव जाणे.

आता ज्यासाठी दहा डॉलर द्यावेत ते सांगते. पहिल्या भागात साधारण पावणेआठच्या सुमाराला नालबंद लरेडोच्या गल्ल्यांचं गाणं घेतात. एक तरुण काउबॉय पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, मरायला टेकलेला, आपल्या मयताची व्यवस्था सांगतोय. हे गाणं मुळात टेक्सासचं नाही. आयर्लंड-इंग्लंडकडून आलं, आणि तिकडच्या जुन्या रूपात पोरगा गुप्तरोगाने मरतो. वेळेवर कळलं असतं तर पाऱ्याचं औषध घेतलं असतं, असं तो स्वतःच म्हणतो. समुद्र ओलांडून तो काउबॉय झाला आणि गोळी लागून मरू लागला. गुप्तरोगापेक्षा गोळी बरी दिसते, चारचौघांत सांगायला. याच गाण्याच्या नात्यातलं मानतात असं दुसरं एक गाणं आहे, इस्पितळात प्रेयसीचं प्रेत बघायला गेलेल्या माणसाचं, 'सेंट जेम्स इन्फर्मरी'. ते ब्लूजवाल्यांचं. बँड काय करतो, तर मध्ये थांबतच नाही. आजोबांचं शेवटचं कडवं संपतं, टाळ्या वाजवायला जागाच मिळत नाही. बाईंचा बेस तसाच चालू, फक्त पाऊल जरा जड पडायला लागतं. आणि मास्तर त्याच मयताला खांदा देऊन गल्लीतून इस्पितळात घेऊन येतो. एकही शब्द न बोलता दोन्ही गाण्यांचं नातं सिद्ध होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताटातलं सगळं गार झालं होतं.

काउबॉयचं एक आणि काळ्यांचं दुसरं, असे दोन डबे आपल्या डोक्यात सिनेमांनी करून ठेवलेत. प्रत्यक्षात गुरं हाकणाऱ्या चौघांमागे साधारण एक जण काळा असावा असा अंदाज आहे, आणि हे काम सगळ्यांच्या आधी करणारे मेक्सिकन होते. जॉन लोमॅक्स नावाच्या माणसाने १९१० साली काउबॉय गाण्यांचं गाजलेलं पुस्तक काढलं. 'होम ऑन द रेंज' त्याला सान अँटोनियोत एका काळ्या माणसाकडून मिळालं, जो आधी कळपाबरोबर स्वयंपाकी म्हणून जायचा. त्याच लोमॅक्सने १९३३मध्ये लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात लेडबेली नावाच्या कैद्याचा आवाज मुद्रित केला. आणि बारा तारांची गिटार वाजवणारा हा लेडबेली ब्लूज म्हणायचा तशी काउबॉयची गाणीही म्हणायचा. मास्तर त्यातलं एक घेतो. तो टोपी घालत नाही. चौघांत टोपी नसलेला तो एकटाच, आणि गुरांचं गाणं सर्वांत खरं वाटतं ते त्याचंच.

मास्तरच्या त्या गिटारवर मी वेगळा लेख लिहू शकेन. सुट्टीत मी जाऊन विचारलं, वडिलांचा धंदा सांगितला, तर त्याने ती सरळ माझ्या मांडीवर दिली. अंग सगळं पितळी पत्र्याचं, वर निकेलचा मुलामा, मनगट घासून घासून कडेला पिवळं पडलेलं. पोटात ॲल्युमिनियमची पातळ वाटी, आणि घोडी त्या वाटीवर टेकलेली. (आमच्याकडे तारा जिच्यावरून जातात तिला घोडीच म्हणतात हे मी त्याला सांगितल्यावर तो नालबंदांकडे बघून जो हसला!) नॅशनल कंपनीने पत्र्याच्या अंगाची पहिली गिटार १९२७ साली आणली. विजेची गिटार यायची होती आणि नाचाच्या गलक्यात साधी गिटार ऐकू जायची नाही, त्यावर हा तोडगा. तारेला जी जवारी आमच्याकडे कानशीने मिळवतात, तशी झणझण इथे वाटी देते. तशीच नव्हे. तंबोऱ्याची झणझण गोल असते, हिला कडा आहे.

करंगळीत तो बाटलीची मान घालतो. काचेची, कापून, कडा आचेवर वितळवून गुळगुळीत केलेली. ती तारेवर दाबायची नसते, नुसती टेकवून सरकवायची. पडद्यांच्या मधल्या जागा त्यामुळे मोकळ्या होतात आणि मींड मिळते. डाव्या हाताचं हे चालू असताना उजव्या हाताचा अंगठा एकाच खर्जाच्या तारेवर ठक ठक ठक. स्वर बदलला तरी अंगठा तिथेच. टेक्सासच्या जुन्या वादकांची ही खोड आहे, नॅव्हासोटाचे मॅन्स लिप्सकम असे वाजवायचे. जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीत राबले आणि पहिलं ध्वनिमुद्रण १९६० साली झालं, वयाच्या पासष्टीत.

ब्लूजचा हिशोब तसा सोपा. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. चार-चार मात्रांची बारा आवर्तनं, अठ्ठेचाळीस मात्रांत कडवं पुरं. पण गावाकडचे जुने ब्लूजवाले एकटेच वाजवायचे, त्यामुळे ओळीत जीव अडकला की दोन मात्रा जास्त थांबायचे, कोण विचारणार? मास्तरही तसाच थांबतो. मी मोजत बसते आणि हटकून चुकते. मग बाई कशा चुकत नाहीत? चौथ्या खेपेला मला त्यांचं गुपित सापडलं. त्यांचे डोळे मिटलेले नसतातच. अर्धवट उघडे असतात आणि नजर मास्तरच्या डाव्या टाचेवर असते. टाच वर राहिली की बाई थांबतात, पडली की पुढच्या स्वरावर जातात. तेव्हापासून मी डाव्या बाजूच्या बाकावर बसते, जिथून टाच दिसते. तुम्हीही तिथेच बसा.

ब्लाइंड लेमन जेफरसनचं एक गाणं मास्तर न चुकता घेतो, १९२८चं. माझी कबर तेवढी स्वच्छ ठेवा, एवढीच विनवणी. जेफरसन आंधळा, डॅलसच्या डीप एलम भागात रस्त्यावर वाजवायचा. १९२९च्या डिसेंबरात शिकागोत वारला, आणि पुरलं त्याला इकडे गावाजवळ, वर्थमला. ज्याने हे गाणं म्हटलं त्याच्या कबरीवर १९६७पर्यंत खूण नव्हती. हे ऐकल्यावर मला चैन पडेना, कारण आमच्या मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ दर्ग्यात विसावलेत आणि दर वर्षी तिथे आवारात चिंचेखाली गवई येऊन हजेरी लावतात. एका रविवारी नवऱ्याला घेऊन वर्थमला गेले. आता नीट दगड आहे, दफनभूमीलाही त्याचंच नाव दिलंय. कुणीतरी गिटारच्या नख्या आणि नाणी ठेवली होती. मी झाडाची वाळलेली पानं तेवढी झटकली. एखादा बँड ऐकून माणूस दीड-पावणेदोन तास गाडी हाणत कबर झाडायला जातो, यापेक्षा जास्त तारे मला देता येणार नाहीत.

आता कुरकुर.

सुट्टीनंतर यांचं काहीतरी बिनसतं. एक ड्रमवाला मित्र येऊन बसतो, मास्तर पत्र्याची गिटार ठेवून विजेची घेतो, स्पीकर वाढवतात. पत्र्याच्या छपराखाली तो आवाज कुठे जाणार, डोक्यातच बसतो. लोकांना नाचायचं असतं हे मान्य. आमची मैत्रीणही नाचते आणि छान नाचते. पण मग गाणी सिनेमातल्या गाणाऱ्या काउबॉयची, चकचकीत, आणि प्रत्येकात एकेकाची वाजवण्याची पाळी. जुन्या ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनचं गाणं नऊ मिनिटं! त्याने १९३७च्या जूनमध्ये डॅलसला शेवटची गाणी मुद्रित केली तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. खाँसाहेब त्याच वर्षी गेले, त्यांच्याही तबकड्या तेवढ्याच. ज्यांना तीन मिनिटं पुरली त्यांच्या गाण्याला ताणून नऊ करण्यात कुणाचं भलं झालं? मला एकदा घड्याळ लावून बघावंसं वाटलं आणि मी खरंच लावलं. नऊ मिनिटं वीस सेकंद.

पोरगा योडलिंग करतो तेही दुसऱ्या भागात. आपल्याला योडलिंग म्हटलं की किशोरकुमार. इथे ते जिमी रॉजर्सचं, ज्याने १९२७पासून ब्लूजच्या ओळींना योडलिंगचं शेपूट लावलं. रेल्वेत ब्रेकमन होता, क्षय झाला, कोरड्या हवेसाठी टेक्सासमध्ये कर्व्हिलला घर बांधलं. शेवटच्या मुद्रणाला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत खाट टाकली होती, एक गाणं झालं की आडवा व्हायचा. दोन दिवसांत गेला, पस्तिसाव्या वर्षी. वानलेसवाडीच्या क्षयाच्या दवाखान्याच्या गोष्टी ऐकत मी वाढले, त्यामुळे त्या आवाजात श्वास किती जपून वापरलाय ते मला ऐकू येतं. पोरगा धडधाकट आहे, छातीतून टाळूत नुसती उडी मारतो. माउथ ऑर्गनमध्ये मात्र त्याला तोड नाही. दोन्ही हातांची ओंजळ उघडमिट करून तो आगगाडी काढतो, चढावर दमलेली.

खाण्याबद्दल थोडक्यात. ब्रिस्केट उत्तम, असं गोमांस खाणारे सांगतात. मी कोंबडी घेते, ती बरी. शाकाहारी असाल तर घरून जेवून या, कारण राजम्यासारख्या बीन्समध्येही मांसाचे तुकडे असतात आणि उरतं ते बटाट्याचं सॅलड आणि पाव. बादलीत टिप टाकायची पद्धत आहे, मी पाच टाकते, मुलाला बरोबर नेलं तर दहा, कारण तो मास्तरला फार प्रश्न विचारतो. काउंटरजवळ बसू नका, तिथे लोक हळू गाण्यांतही खेळाच्या स्कोअरवर वाद घालतात आणि मालक त्यांना काही म्हणत नाही. पंधरा डॉलरला सीडी मिळते, घेतली. आमच्या गाडीत ती घालायला खाचच नाही, आणि रात्रीच्या गाण्यांपैकी तिच्यात एकही नाही. ते का, असं आजोबांना विचारलं तर म्हणाले, ती विकायची गाणी नाहीत.

मग ती मिळतात कुठे? एकदा माझी घड्याळाची गफलत झाली आणि मी सव्वासहालाच पोचले. पुढचं दार बंद. मागे गेले, तर धुराड्याजवळ, लाकडाच्या ढिगाशी चौघं खुर्च्या टाकून बसले होते. माइक नाही, स्पीकर नाही, बादली नाही. तारा जुळवता जुळवता गुणगुणत होते. आजोबांनी एक रात्रीचं गाणं धरलं, मास्तरने बाटलीची मान नुसती तारेवरून फिरवली, पोरगा फळी न घेता मांडीवर बोटं वाजवत होता. बाईंचा बेस जमिनीतून तळपायाला लागत होता. कुंपणापलीकडे कुणाच्या तरी चार-पाच गाई होत्या. त्या ऐकत होत्या असं मी म्हणणार नाही, रवंथ करत होत्या. मला कुणी 'या' म्हटलं नाही आणि 'जा' पण नाही. पंचवीस मिनिटं हे चाललं, मग आजोबा उठले, टोपी घातली आणि आत जाऊन तोच विनोद सांगितला.

तेव्हापासून मी मागूनच जाते. पहिला भाग ऐकते, साडेआठला निघते. पुढचे दोन गुरुवार माझी ड्युटी आहे, त्यानंतरच्या गुरुवारी येईन. लाकडाच्या ढिगाशेजारी एक निळी घडीची खुर्ची असते, तिचा एक पाय जरा वाकडा आहे. तुम्ही आलात तर दुसरी कुठली तरी घ्या, ती माझी.